झिलूचा कातळ आणि ओहोटीचा नारळ

दोष भिकाजी मानकऱ्याचा. हे आधीच सांगतो, कारण आमच्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते दर्याचं नाव घेतील.

समोर दिसतो तो झिलूचा कातळ. आता ओहोटी आहे, म्हणून चालत जाता येतं. भरती लागली की मधली घळ आधी भरते आणि कातळ सुटा पडतो. साऱ्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेचा नारळ भरतीच्या पाण्यात सोडतात. आमच्या गावात तो सकाळी, ओहोटीला, या कातळावरून पडतो. पाहुणे हसतात. ऐका आणि मग हसा.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. झिलू आणि रावजी जिवाचे दोस्त. रावजी हा भिकाजीचा सख्खा नातू. पावसाळाभर बंद असलेला दर्या भिकाजीच्या नारळानेच उघडायचा. तोवर होडी पाण्याला लावायची नाही, ही गावाने देवीपुढे घेतलेली शपथ. कातळावरून गळ टाकायला मात्र बंदी नव्हती. झिलूची बहीण सणाला माहेरी आली होती, तिला ताजी तांबोशी मासळी हवी होती. म्हणून पौर्णिमेला उजाडता उजाडता दोघे कातळावर गळ टाकून गरवायला बसले.

झिलूला एकामागून एक मासा लागत होता, रावजीचा गळ रिकामाच.

“रावज्या, तुझ्या आजाचो नारळ पडल्याशिवाय तुका मासो पण गावचो नाय,” झिलू हसला.

तेवढ्यात त्याचाच गळ कपारीत अडकला. तो सोडवायला खाली उतरला आणि वरचा धोंडा घसरला. पाय गुडघ्यापर्यंत आत. दोघांनी जोर लावला, धोंडा हलेना. पाणी चढायला लागलं होतं. पहार आणि माणसं आणायला रावजी धावला. घळ ओलांडतानाच त्याच्या कमरेला पाणी लागलं.

किनाऱ्यावर सगळा गाव नवे कपडे घालून उभा. होड्या सजलेल्या. पुढे भिकाजी, हातात कुंकू लावलेला नारळ.

“आजानू, होडी सोडा! झिलूचो पाय अडकलो हा, घळ भरता!”

“भरती पुरी होवंदे. नारळ पडलो की सोडूया.”

“भरती पुरी झाली तर तो बुडतलो!”

“देवीक दिलेलो शब्द आसा.”

“मग नारळ आत्ताच टाका!”

“अर्ध्या पाण्यात? दर्याचो अपमान करू?”

पुरुषासारखे पुरुष वाळूकडे बघत राहिले. एकानेही वल्ह्याला हात लावला नाही. ह्यांनाच आम्ही पूर्वज म्हणून हात जोडायचे!

रावजी पहार घेऊन एकटा मागे पळाला. घळ उकळत होती. त्याने उडी टाकली की लाट त्याला परत दगडांवर आणून आपटायची. पलीकडे झिलूच्या छातीला पाणी.

“रावज्या, पडलो काय रे नारळ?”

“पडलो! येतत!”

थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर झिलूने विचारलं नाही.

भरती पुरी झाली. भिकाजीने वाजतगाजत नारळ सोडला. लाटेने तो त्याच्याच पायाशी आणून ठेवला, म्हणे. त्याने परत सोडला, दर्याने परत दिला. म्हाताऱ्याने तो उचलून घेतला. एवढ्यात रावजी निथळत आला. भिकाजीने नारळ त्याच्या हातात दिला. रावजीने दर्याकडे न बघता तो भिरकावला आणि नारळ सरळ आत गेला, दिसेनासा झाला.

“फुडल्या वर्सापासून ओहोटीक,” रावजी म्हणाला. “आणि होडी आधी.”

म्हातारे म्हणतात, दर्याला झिलू हवा होता. हवा होता तर मग नारळ कशाला नाकारला? हे विचारलं की ते चहा मागवतात.

आजही नारळाच्या आधी एक होडी घळीच्या तोंडाशी उभी असते. कातळावर गरवणाऱ्यांपैकीच दोघे दोस्त नारळ घेऊन कातळावर जातात. एकजण विचारतो, “पडलो काय नारळ?” दुसरा होडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ‘पडलो’ म्हणत नाही; तो म्हणाला की नारळ सोडतात. मानकऱ्यांच्या घरातला माणूस मागे, रिकाम्या हातांनी उभा राहतो.

भिकाजी पुढे पुष्कळ जगला, अंथरुणात मेला. त्याचा गेला तो नारळाचा मान. बाकी काही गेलं नाही.