जास्वंदीच्या दोन काड्या

त्या दिवशी कोरडी थंडी होती आणि वाऱ्याने बागभर पाचोळा पसरला होता. मी तो झाडत होतो, तेवढ्यात बागेचे नवे साहेब, पारसनीस, आले. म्हणाले, "आता इथे इंग्रजी येणारा माळी हवा. सांगा आबा, ब्रँच म्हणजे काय?"

"फांदी," मी म्हणालो.

"बँकेचीही ब्रँच असते. प्लांट म्हणजे रोप, तसा कारखानाही. डेट म्हणजे खजूर, तशी तारीखही. तुम्हाला एकेकच अर्थ ठाऊक. उद्यापासून घरी बसा."

"बसतो साहेब. जाताजाता एक काडी लावून जातो. कुठली लावू, तेवढं सांगा." मी पानं काढलेल्या जास्वंदीच्या दोन काड्या पुढे धरल्या. साहेबांनी जाडजूड, गुळगुळीत काडीवर बोट ठेवलं.

मी नखाने तिची साल खरवडली. आत नुसतं वाळकं, तपकिरी लाकूड. दुसरी खरवडली, तर आत ओला हिरवा रंग.

"साहेब, ब्रँचचे सगळे अर्थ तुम्हाला येतात. जिवंत फांदी कुठली, एवढंच मला येतं."

साहेबांनी वाळकी काडी माझ्या हातातून घेऊन पाचोळ्यात टाकली. मग म्हणाले, "उद्या वेळेवर या."

संध्याकाळी शेजारच्या गोदाक्कांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आबा, ते नख तेवढं काढू नका."