मुकादम आणि मुकं यंत्र

नदीकाठच्या एका गावात भिवाजी नावाचा एक मुकादम राहत असे. काठावर लोखंडी खांब ठोकावेत ते त्यानेच! जडशीळ घण दोरखंडाने उंच चढवायचा आणि खांबाच्या डोक्यावर धाडकन सोडायचा. आवाज शेजारच्या गावात जाई, आणि भिवाजी मिशीवरून हात फिरवी.

एका साली पुरापासून गाव वाचवायला काठाने खांबांची भिंत उभारायची ठरली. पण काठाला लागूनच होता कुंभारवाडा. पहिल्याच दिवशी घणाच्या हादऱ्याने वाळत घातलेली मडकी तडकली आणि भागूबाई कुंभारणीच्या घराला भेग पडली.

भागूबाई कडाडली, "मुकादम, पूर यायचा तेव्हा येईल. तुम्ही आम्हाला आत्ताच बुडवताय!"

सरपंचांच्या कानावर आलं होतं, की शहरात बांधकामाच्या यंत्रांचं संग्रहालय आहे आणि तिथे आवाज न करता खांब रोवणारं यंत्र आहे. ते म्हणाले, "भिवाजी, यातलं तुमच्याइतकं कळतं कुणाला? जाऊन पाहून या. तुम्ही सांगाल तसं करू."

भिवाजीला वाटलं, यंत्र चांगलं निघालं तर आपला घण कायमचा पडून राहणार! काहीतरी खोट काढूनच परतायचं, असं ठरवून तो निघाला.

संग्रहालयात माहिती सांगायला शलाका नावाची मुलगी होती. यंत्र पाहून भिवाजीने नाक मुरडलं. "एवढंसं? हे काय खांब रोवणार, कपाळ!"

शलाकाने यंत्रावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि यंत्र सुरू केलं. खांब मातीत सरसर उतरत गेला. पेल्यातला एक थेंबही सांडला नाही.

भिवाजीने यंत्राला दोन प्रदक्षिणा घातल्या. "पण बाई, याला एवढा जोर येतो कुठून?"

"आधी रोवलेले खांब ते घट्ट धरून ठेवतं, काका. त्यांच्या आधारावर नवा खांब खाली दाबतं."

भिवाजीने तोंडात बोटच घातलं. "वा रे पठ्ठ्या! चाळीस वर्षं खांब ठोकले, पण मागच्यांना धरून पुढचा रोवावा, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही!" ते यंत्र पाहता पाहता त्याची परतीची गाडी चुकली, तरी त्याला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या गाडीत मात्र मन खालीवर होऊ लागलं. खोटं सांगितलं तर कोण बघायला जाणार आहे? चावडीवर पोचला तर सगळा कुंभारवाडा जमलेला. भागूबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

भिवाजीने पागोटं काढून हातात घेतलं. "मंडळी, ते यंत्र माझ्या घणापेक्षा शंभर पटीनं सरस आहे. तेच आणा."

यंत्र आलं. एका दुपारी भागूबाई चाकावरून उठून बाहेर आली आणि काठावर बसलेल्या भिवाजीला म्हणाली, "मुकादम, आमच्या बाजूचं काम सुरू कधी होणार? मडकी वाळत घालू की नको?"

भिवाजी खदखदून हसला. "अहो भागूबाई, मागं वळून बघा तरी! तुमच्या घरामागची भिंत सकाळीच झाली!"

तात्पर्य: आपल्याहून सरस काम दिसलं तर आपला तोटा होत असला तरी मोकळ्या मनाने 'वा' म्हणावं, जाणकाराच्या खऱ्या शब्दाने चार घरं वाचतात.