दुकानात मांडलेलं कार्ड

“आजी, वापरलेलं ग्राफिक्स कार्ड वर्षभरात जळतं. नवंच घ्या!” दुकानदार मोहनशेठ सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं गरजले.

“नवं परवडलं असतं तर तुमच्यापाशी घसा कोरडा केला असता का?” मी म्हणाले.

सोबत आलेल्या माझ्या नातीचा, मृण्मयीचा, रेसिंग गेम खेळायचा कॉम्प्युटर आम्ही काटकसरीनं जुळवत आणला होता. अडलं होतं फक्त कार्ड, आणि त्याच्याविना तिची रविवारची स्पर्धा हुकणार होती.

शेठनी गिऱ्हाइकांना खेळून बघायला मांडलेल्या कॉम्प्युटरवर थाप मारली. “आमचा माल बघा! तीन वर्षं दिवसभर गाड्या पळवतोय, एकदा तरी अडकला?”

यावर मी जे बोलले त्यानं गिऱ्हाइकं हसली, शेठनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मृण्मयीचा जीव भांड्यात पडला:

“मग शेठ, नवं कार्ड तुम्ही यात बसवा, आणि यातलं वापरलेलं मला जुन्या मालाच्या भावात द्या.”