मालिकेत नसलेली आग

एकदा एका लेखकाला त्याच्याच मालिकेतल्या एका वृद्ध नटाने अगदी साधा प्रश्न विचारला, आणि लेखकाला त्याचे उत्तर देता आले नाही.

लेखकाचे नाव निशिकांत खोपकर. रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर लागणारी एक मालिका तो पाच वर्षे लिहीत होता. तिचे नाव लांबलचक होते; लोक तिला नुसते ‘गोदाची मालिका’ म्हणत. गोदा ही नववीत शाळा सुटलेली, लग्न होऊन एका आडगावात आलेली मुलगी. दहावी व्हायचे आणि एसटीत कंडक्टर व्हायचे, एवढाच तिचा ध्यास. सासू आडवी आली, गणिताचा पेपर आडवा आला, एकदा ती नापासही झाली. पण तिचे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणत, ते तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि एके दिवशी गोदा खरोखरच खाकी गणवेश घालून गाडीत चढली. तो भाग पाहताना घरोघरी माणसे रडली होती.

मालिका तिथेच संपायची होती. पण इतकी चाललेली मालिका बंद कोण करतो? वाहिनी म्हणाली, चालू ठेवा. निर्माते म्हणाले, चालू ठेवा. निशिकांतलाही मनातून तेच हवे होते. गोदाला सोडून जायचे त्याच्या जिवावर आले होते.

मग गोदाला अपघात झाला आणि तिची स्मृती गेली. स्मृती परत आली तेव्हा हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरी बाई घरात येऊन बसली होती. मग दागिने चोरीला गेले, मूल पळवले गेले, मेलेला दीर जिवंत होऊन परतला. गणवेश जाऊन गोदाच्या अंगावर भरजरी साड्या आल्या. दाराआडून ऐकलेल्या अर्धवट वाक्यांवर विश्वास ठेवून ती दिवाणखान्यात उभी राहून रडू लागली. तीन वर्षांत ती एकदाही एसटीत चढली नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येत. आकडा घसरला की नवे संकट यायचे. आकडा सावरला की तेच संकट आणखी ताणायचे. निशिकांत हुशार होता आणि त्याचा हात भरभर चालत असे, त्यामुळे कुणाचे काही अडले नाही.

आणि मग ठरले की आबांनी गोदाच्या दुधात विष कालवायचे.

आबांची भूमिका करणारे भालचंद्र नेवगी वयाने सत्तरीचे. सेटवर सगळे त्यांना काका म्हणत. त्या दिवशी ते पाने हातात घेऊन निशिकांतच्या खोलीत आले आणि खुर्ची ओढून बसले.

“निशिकांत, मी हे का करतो?”

“काका, आबांचा एक जुना भूतकाळ आहे. तो पुढच्या महिन्यात उघड होईल.”

“तो तू मला सांगशील तेव्हा सांग. पण पाच वर्षं मी या मुलीच्या पाठीवर हात ठेवतोय. बाजारात लोक थांबवून माझ्या पाया पडतात. आज मी तिला विष देतोय. मी काम करणारा माणूस, तू म्हणशील ते करीन. फक्त एवढं सांग, चमचा ढवळताना माझ्या मनात काय असेल?”

निशिकांतने काहीतरी सांगायला तोंड उघडले, पण आत काहीच नव्हते. नेवगींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि “बरं,” असे म्हणून ते शांतपणे निघून गेले. ओरडले असते तर बरे झाले असते, असे निशिकांतला वाटले.

त्या रविवारी तो मिरजेला गेला. तिथे वत्सलाबाई हुद्दार राहत. एकेकाळी आकाशवाणीसाठी त्यांनी असंख्य श्रुतिका लिहिल्या होत्या, आणि कॉलेजच्या दिवसांत निशिकांत त्यांच्याच हाताखाली लिहायला शिकला होता. आता बाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. डोळ्यांना फारसे दिसत नसल्याने त्यांच्याकडे टीव्ही नव्हता.

“बाई, माझी मालिका बिघडली,” निशिकांत म्हणाला आणि त्याने नेवगींचा विषाच्या चमच्याचा प्रश्न त्यांना सांगितला. “कुठे बिघडली ते मला सापडत नाही.”

“मी काही पाहिलेली नाही रे. तूच सांग, पहिल्यापासून.” बाईंनी वालाच्या शेंगांचे ताट मांडीवर घेतले आणि सोलायला सुरुवात केली.

निशिकांत सांगू लागला. सुरुवातीला त्याला संकोच वाटला, मग तो रंगला. गोदाचा पहिला दिवस त्याने सावकाश सांगितला. तिचे वडील मुद्दाम तिच्या गाडीत चढतात. गर्दी असते. गोदा त्यांनाही इतरांसारखेच म्हणते, “पुढे सरका, पुढे जागा आहे.” म्हातारा निमूटपणे पुढे सरकतो. ही माझी मुलगी, असे कुणाला सांगायचे नाही, असे त्याने ठरवलेले असते. पण दोन थांबे गेल्यावर त्याला राहवत नाही आणि तो शेजारच्या अनोळखी माणसाला हळूच सांगतो.

नेमक्या त्याच वेळी बाई उठल्या. एक शब्द न बोलता त्यांनी ताट बाजूला ठेवले आणि त्या मागच्या गॅलरीत निघून गेल्या.

निशिकांत गोंधळला. थांबावे की सांगत राहावे, ते त्याला कळेना. त्याने आवाज चढवला. “मग, बाई, त्या गाडीला अपघात झाला! गोदाची स्मृती गेली!” बाई परत आल्या, बसल्या आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. त्याला हायसे वाटले. त्याने स्मृतीचे प्रकरण सांगितले, दुसऱ्या बाईचे सांगितले. दागिन्यांपर्यंत आला तोच बाई पुन्हा उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून नळाचा आवाज आला. निशिकांत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यात उभा राहून त्याने मूल पळवले, दिराला जिवंत केले. बाईंनी पातेले विसळले, पालथे घातले. मागे वळूनही पाहिले नाही. मग त्यांनी पुढचे दार उघडले आणि त्या बाहेर जाऊन फाटकापाशी उभ्या राहिल्या.

निशिकांत त्यांच्या मागोमाग धावला. “बाई, ऐका तरी! मग डेपोला आग लागली. सगळीकडे धूर, गोदाचा मुलगा आत अडकलेला, आणि आबांनी बाहेरून कडी…”

तो एकदम थांबला.

“काय झालं?” बाई म्हणाल्या.

“ही आग…” निशिकांतच्या कपाळावर घाम आला होता. “ही आग मालिकेत नाही, बाई. मी आत्ता लावली.”

“का?”

“तुम्ही उठून चालला होतात.”

बाई पायरीवर बसल्या आणि त्यांनी त्यालाही शेजारी बसायची खूण केली.

“मी कुठे चालले होते, हे तू विचारलंस का?” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा उठले ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला. मागचे लोक कचरा पेटवतात, कपड्यांना धुराचा वास लागतो. तेव्हा तू गोदाच्या वडिलांचं सांगत होतास. म्हाताऱ्याला दोन थांबे दम निघाला आणि मग निघेना, ते मी गॅलरीत कपडे हातात धरून ऐकलं. पुढचं ऐकायला किती घाईने आत आले मी! तर तू अपघात करून बसलेला. त्यानंतर दोनदा उठले ती मात्र मुद्दाम. म्हटलं, बघू या.”

निशिकांतने कपाळ पुसले.

“ऐकणारी माणसं उठतात रे. कुणाचं दूध उतू जातं, कुणाच्या दाराशी कुणी येतं. गोष्टीवर जीव असला तर ती कान इकडेच ठेवून जातात. गोष्ट लांबली म्हणून ती बिघडत नाही. मीही काही वर्षं चालणाऱ्या श्रुतिका लिहिल्यात. सांगणाऱ्याला ऐकणारा जाईल अशी भीती वाटायला लागली, की तिथून ती बिघडते. मग तो गोष्टीकडे बघतच नाही, दाराकडे बघत बसतो. तू मघापासून दाराकडे बघून बोलतोयस.”

मग बाईंनी विचारले, “आणि मला एक सांग. नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसलेली ही मुलगी. तूच सांगितलंस ना, भरल्या गाडीत दारुड्याला खाली उतरवणारी. तिला घरातली दुसरी बाई ओळखता येत नाही? दोन प्रश्न सरळ विचारता येत नाहीत?”

“विचारले तर सगळं उघडकीला येईल.”

“आणि?”

“आणि गोष्ट संपेल.”

“म्हणजे गोष्ट चालावी म्हणून तीन वर्षं तू त्या पोरीला काही शिकू दिलं नाहीस. रोज फसवलंस, आणि रोज आदल्या दिवशीचं विसरायला लावलंस. संकटं आणलीस याचं मला काही नाही. आयुष्यात संकटं येतातच. पण संकटातून माणूस निदान थोडा शहाणा होऊन निघतो. तेवढंही तू तिला दिलं नाहीस. ती शहाणी झाली तर तुझी गरज उरणार नाही, याची तुला धास्ती.”

निशिकांत म्हणाला, “बाई, मालिका बंद पडली तर शंभर माणसं घरी बसतील. दिवे लावणारे, कपडे सांभाळणारे, चहा देणारे.”

“ते खरं आहे,” बाई म्हणाल्या. “त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या म्हाताऱ्या नटाच्या हातात विषाचा चमचा देऊन ती माणसं किती दिवस कामावर राहतील, हे तुलाही ठाऊक नाही. मला विचारशील तर मालिका बंद कर असं मी म्हणत नाही. गोदाला डोकं परत दे. मग ती किती दिवस चालते ते बघ.”

निशिकांत परतला. लिहून झालेला विषाचा प्रसंग त्याने काढून टाकला. त्या जागी त्याने असे लिहिले की संशय आल्याबरोबर गोदा सर्वांना एकत्र बसवते आणि शांतपणे एकेकाला विचारते, तू त्या दिवशी कुठे होतास. चार माणसांना चार प्रश्न. दुसऱ्या बाईचे सहा महिने चाललेले कारस्थान चहा निवायच्या आत कोसळते. शेवटी गोदा तिच्याकडे वळून म्हणते, “तुमचंही काही दुःख असेल. ते नंतर ऐकेन. आता मला डबा भरायचाय.”

तो भाग वाचून निर्माते धावत आले. “खोपकर, तुम्ही शुद्धीवर आहात ना? सहा महिन्यांचा ऐवज एका भागात उधळलात! उद्या दाखवायचं काय?”

“उद्या ती कामावर जाईल.”

“आणि मग?”

“मग बघू. कामावर गेलेल्या बाईला रोज काही ना काही घडतंच.”

निर्माते वाईट गृहस्थ नव्हते. ते डोके धरून बसले, त्यांनी दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. शेवटी म्हणाले, “आकडा पडला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.”

आकडा पडला. कारस्थानांसाठी येणारे प्रेक्षक निघून गेले आणि पूर्वीचे तर केव्हाच गेले होते; त्यांना कुणी सांगायला गेले नाही की गोदा परत आली आहे. वाहिनीने दिवाळीनंतर मालिका थांबवायचे ठरवले. निर्मात्यांनी आपल्या पुढच्या कामात पुष्कळ लोकांना सामावून घेतले, पण सगळ्यांना नाही. दिवे लावणारे दोघेजण कित्येक महिने रिकामे होते. निशिकांतला ते लागून राहिले.

पण उरलेले चार महिने तो दाराकडे न पाहता लिहीत राहिला. गोदाने रात्रीची मुक्कामी गाडी मागून घेतली. सासूशी तिचे एकदा कडाक्याचे भांडण झाले, आणि त्यात सासूचेही थोडे बरोबर निघाले. आबा म्हातारे झाले, त्यांना ऐकू कमी येऊ लागले आणि त्यावरून घरात हसू व्हायचे. एका दुपारी नेवगी पाने वाचून झाल्यावर निशिकांतजवळ आले आणि एवढेच म्हणाले, “आज मला काही विचारायचं नाही.” हळूहळू काही जुने प्रेक्षकही परत येऊ लागले. फार नाही. वाहिनीचा निर्णय बदलावा इतके तर मुळीच नाही.

शेवटच्या दिवशी चित्रीकरण आटोपले, दिवे विझले. कुणी पेढे वाटले, कुणी फोटो काढले. केशभूषा करणाऱ्या फरीदाताई पहिल्या दिवसापासून मालिकेत होत्या. गोदाचे काम करणारी मुलगी आरशासमोर बसली होती आणि त्या तिच्या मागे उभ्या होत्या. निशिकांत निरोप घ्यायला आत आला तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या बिल्डिंगमधल्या बायका सारख्या विचारतात, सर. संपली खरी, पण पुढे गोदाचं काय होणार?”

सवयीने निशिकांतच्या मनात दोन-तीन संकटे उभी राहिली. ती त्याने येऊ दिली आणि जाऊ दिली.

“आता तिचं ती बघेल,” तो म्हणाला.

“हो,” फरीदाताई म्हणाल्या. “आता बघेल.” आणि त्या मुलीच्या केसांतल्या पिना एकेक करून काढू लागल्या.