तांबेऱ्याची पट्टी

हातातलं मूठभर बी रोगाच्या तोंडी देताना सरूबाईला भीती वाटली असेल का? मी पुष्कळांना विचारलं. कोणी सांगितलं नाही.

समोर हिरव्या गव्हाच्या मधोमध तांबडी पट्टी दिसते ना, ती आम्ही मुद्दाम पेरतो. आत जाऊ नका, कपडे माखतील. पाहुण्यांना ही गोष्ट माझी आक्का सांगायची. ती दसऱ्यानंतर गेली. मला तिच्यासारखी सांगता येत नाही.

फार पूर्वी इथे सलग तीन वर्षं गव्हावर तांबेरा, पानांवर तांबडी भुकटी धरणारा रोग, पडला, असं सांगतात. शेतातून चालणाऱ्या बायांच्या लुगड्यांचे काठ गंजल्यासारखे व्हायचे, दाणा भरायचाच नाही. शेवटी गावाने उभं पीक पेटवलं. गावातलीच एक सून, सरूबाई, म्हणे त्या जाळात शिरली आणि पाच निरोगी ओंब्या पदरात घेऊन बाहेर आली. गावात तेवढंच बी उरलं.

सगळे म्हणाले, डोंगरावर पेर, तिथे रोग पोचत नाही. तिने उलटंच केलं. तांबेऱ्याला हमखास बळी पडणारा जुना टपोरा गहू परगावाहून मागून आणला आणि आपल्या बियाच्या शेजारी पेरला.

"सरे, देवी आलेल्या पोराशेजारी कोणी आपलं लेकरू निजवतं का?" सासू म्हणाली.

"डोंगरावर सगळेच धडधाकट असतात, आत्याबाई. इथे टिकेल तेच आपलं."

आपला गहू टिकेपर्यंत पोळी खाणार नाही, असा तिने नेम धरला. पहिल्या वर्षी तीनच रोपं वाचली. त्यांचा दाणा बारीक, पोळी चिवट. मग म्हणे ती बाभळीच्या काट्याने त्यांच्या ओंब्यांतले केसर काढायची आणि टपोऱ्या गव्हाचे केसर त्यांवर झटकायची.

"आमची सून गव्हाच्या सोयरिकी जुळवते," सासू गावभर सांगायची.

नवव्या वर्षी जुन्या गव्हाची पट्टी तांबडी झाली आणि तिला लागून सरूबाईचा टपोऱ्या दाण्याचा गहू हिरवागार उभा राहिला. पहिली पोळी सासूने लाटली आणि स्वतः सुनेला भरवली.

आजही ही पट्टी पेरतात, कारण तांबेराही दरवर्षी काहीतरी नवं शिकून येतो, आणि आपला गहू त्यापुढे टिकतो का ते बघावं लागतं. यंदा पेरायची नाही, असं मी, आक्का गेली त्या रागात, सगळ्यांना सांगून टाकलं होतं. भावजींनी, आक्काच्या नवऱ्याने, तिची पेरणीची पाभर माझ्या दारात आणून ठेवली. मी पट्टी पेरली.

आक्काने नदीपलीकडच्या बायांना बी कबूल केलं होतं. एका पिशवीत आपला गहू, दुसऱ्या पिशवीत रोगाला बळी पडणारा. पेरणीआधी दोन्ही मी चालत नेऊन दिल्या, आणि शेजारी-शेजारी पेरा म्हणून सांगितलं.