खेकड्याच्या बिळातला हीर

माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखन कच्चे आहे आणि शब्दही साधेच आहेत. चुकेल ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एकदा एक वृद्ध तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, होते. सगळे त्यांना आबा म्हणत आणि मी त्यांचा शिष्य होतो. माझ्या जन्माआधी आमच्या खाडीच्या मुखाशी एक जहाज फुटले व त्याचे तेल काठाच्या वाळूत उतरले. तेव्हापासून त्या काठावर लाल बावटा रोवलेला आहे. बावटा आहे तोवर तिथल्या वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कोणी काढायच्या नाहीत. नारळी पौर्णिमा झाली की तांडेल काठ पाहत आणि बावटा ठेवायचा की काढायचा ते ठरवत. त्या वर्षी ते मला म्हणाले, "आता तू ठरव."

सारी वाडी काठावर जमली. एक व्यापारी तिसऱ्या न्यायला टेम्पो घेऊनच आला होता. "वाळू बघा, कशी साखरेसारखी आहे!" तो म्हणाला.

माझी वहिनी तिसऱ्यांसाठी रोज टोपली घेऊन पलीकडच्या काठापर्यंत पायपीट करते. ती म्हणाली, "भावजी, आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुमच्या तर नाही ना?"

सगळे हसले. वाळू खरोखर स्वच्छ होती. मी बावट्याच्या काठीला हात घातला.

तेवढ्यात आबा खाली बसले. सोबत आणलेल्या झाडूतला एक हीर, म्हणजे काडी, काढून त्यांनी खेकड्याच्या बिळात सारला. तो बोटांपासून मनगटापर्यंत भरेल इतका आत गेला आणि वाकला.

"बीळ तिरपं असेल," मी म्हणालो.

"दुसरं बघ."

मी दुसरे पाहिले, तिसरे पाहिले. प्रत्येक बिळात हीर तेवढ्यावरच अडत होता. पलीकडच्या काठावर तो कोपरभर सरळ जातो, हे मला ठाऊक होते. मी हाताने वाळू उकरली. खाली काळा थर लागला आणि रॉकेलसारखा वास आला. वहिनीने पदर नाकाला लावला.

आबा शांतपणे म्हणाले, "तेल वर तरंगत होतं तेव्हा सगळे बघायला आले. ते वाळूखाली गेलं आणि लोकांच्या लेखी संपलं. खेकडा मात्र अजून तिथवर खणतो आणि वळतो. तिसरीला वळता येत नाही, ती तेच पिते. आणि ती आपल्या लेकरांच्या ताटात येते. पण पोरा, पहिल्या वर्षी हा हीर पेरभरही जात नव्हता. समुद्र आपलं घर हळूहळू धुतोय. आपल्या वाडीने एवढी वर्षं त्यात हात घातला नाही. उपाशी दिवसांतही कुणी इथली एक तिसरी चोरली नाही. ह्या काठावर ताठ मानेने उभं राहा."

मी काठीवरचा हात काढला. टेम्पो रिकामा परत गेला. कोणी कुरकुरले नाही.

बावट्याचे कापड उन्हाने पार विटले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने आपल्या लग्नातल्या लाल लुगड्याचा पदर फाडून दिला. तो मी काठीला घट्ट बांधला.