माळावरच्या तीन खुंट्या

एका राज्यात वेशीबाहेर एक माळ होता, सगळ्या नगरीचा. तिथे गुरं चरत, जत्रा भरे, लग्नं लागत. पण खुंटी ठोकायची नाही, हा रिवाज. मांडवाच्या मेढीसुद्धा व्याही मंडळी हातांनी धरून उभी राहत. हात भरून येत, कुरकुर होई, पण मेढ कोणी जमिनीत रोवीना.

राजा धवलसेनानं मात्र मनात घेतलं, की लाडक्या लेकीसाठी, हेमकलेसाठी, महाल बांधावा तो तिथेच. कालकेतू मांत्रिक म्हणाला, "महाराज, स्वहस्ते तीन खुंट्या ठोका. महाल आपोआप उगवेल."

नगरी आडवी आली. सर्वांपुढे येसाई गुराखीण. "महाराज, हा माळ राखलेला आहे. नका ठोकू."

"जमीन राजाची असते," राजा म्हणाला आणि त्यानं हातोडा उचलला. हट्टीच तो!

पहिली खुंटी ठोकली. भिंती उगवल्या. गुरांचे पाय जमिनीला चिकटले. एकही हंबरलं नाही.

दुसरी ठोकली. छत आलं. मांत्रिकाचे पाय चिकटले, त्याची वाचाच बसली. राजानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तिसरी ठोकली. घुमट चढला, आणि शेजारी उभी असलेली हेमकला घोट्यापर्यंत मातीत गेली.

"बाबा, खालून कोणीतरी धरलंय," ती म्हणाली.

राजा खाली वाकला. तो खुंटी उपटू लागला, हलेना. तेव्हा गवतातली टिटवी बोलली, "राजा, माळ विचारील. जपून उत्तर दे."

मातीतून थंडगार आवाज आला, "मी कोणाचा?"

"माझा," राजा सवयीनं बोलून गेला. जळो ती सवय! लेक गुडघ्यापर्यंत गेली.

"मी कोणाचा?"

"आमचा!" येसाई ओरडली. लेक कमरेपर्यंत गेली. येसाईनं घाबरून तोंडावर हात धरला.

"मी कोणाचा?"

राजानं हातोडा फेकला, गुडघे टेकले. त्याला रडू आवरेना. "कोणाचाही अस! मला नको तू. माझं लेकरू तेवढं सोड."

खुंट्या सुटल्या. महाल विरून गेला. गुरं हंबरली. मांत्रिक जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. हेमकला बाहेर आली, पण पावलं मातीच्या रंगाचीच राहिली. दासींनी घासघास घासली. रंग गेला नाही.

माळ मोकळाच राहील, अशी राजानं दवंडी पिटवली. राज्याची घडी पुन्हा बसली. पण लेक जेवायला शेजारी बसली, की राजाची नजर तिच्या पावलांवर जाई आणि घास हातातच राही.